कयानी अँड कंपनी, धोबी तलाव

मेट्रो सिनेमासमोर, जेर महालमध्ये १९०४ पासूनचं हे इराणी हॉटेल. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, मागवा आणि चहात बुडवूनच खा. मावा केकसाठी सकाळीच जा. काचेच्या बरण्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, सगळं जागच्या जागी आहे.

मी ठाकुरद्वारची. लहानपणी बाबांचा हात धरून इथे आले की मान वर करून जेर महालच बघत बसायची. वर गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे त्या त्या गावच्या लोकांच्या सामायिक राहण्याच्या जागा, बोटीवर जाणाऱ्या खलाशांचा मुक्काम. खाली फुर्ताडोजचं वाद्यांचं दुकान, तिथल्या काचेला नाक लावून मी व्हायोलिनं बघायची. निघताना आजीसाठी खारीचा पुडा ठरलेला.

गर्दीत टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावं लागतं. मला तर तेच फार आवडतं. मुलांना नक्की न्या, आणि आत शिरण्याआधी समोरच्या फुटपाथवरून इमारत नीट दाखवा.