भूमिअभिलेखाचा साचा: एलएडीएम, एसटीडीएम की स्वतःचाच?

देशाची किंवा राज्याची भूमिअभिलेख प्रणाली नव्याने उभारायची तर टेंडर काढण्याआधी ठरवावं लागतं की माहितीचा साचा, म्हणजे कोणती माहिती कशी मांडून ठेवायची याचा आराखडा, कोणाचा घ्यायचा. पर्याय तीन आहेत: आयएसओ 19152 हे आंतरराष्ट्रीय मानक, म्हणजे एलएडीएम (लँड अॅडमिनिस्ट्रेशन डोमेन मॉडेल); त्यातूनच निघालेला आणि संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने पुढे आणलेला एसटीडीएम (सोशल टेन्युअर डोमेन मॉडेल); किंवा आपल्या जुन्या नमुन्यांवरून बेतलेला स्वतःचा साचा.

स्वतःचा साचा सर्वांत लवकर उभा राहतो आणि तलाठ्याला ओळखीचा वाटतो. पण कागदावरचा रकाना माणसाने वाचायसाठी असतो. सातबाऱ्यावरचं ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ पाहा. कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, विक्रीची अट, सगळं एकाखाली एक. हा मजकूर जसाच्या तसा संगणकात भरला, तर तालुक्यात किती गटांवर बोजा आहे याचंही उत्तर नीट निघत नाही.

एलएडीएम इथे उपयोगी पडतो. 2012 साली आलेल्या या मानकाचा सुधारित पहिला भाग 2024 मध्ये निघाला. त्याचा गाभा चार घटकांचा: पक्षकार; हक्क, निर्बंध आणि जबाबदाऱ्या मिळून एक; मालमत्तेचं एकक; आणि जागा. भोगवटादार जातो पक्षकारात, वर्ग 2 ची (परवानगीशिवाय जमीन न विकण्याची) अट निर्बंधात, बोजा गहाणात, फेरफार दस्तऐवजी आधारात. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मालमत्ता आणि जागा वेगळी ठेवणं. सातबाऱ्यावर पोटहिस्से पडलेत, वहिवाटही वेगळी आहे, पण मोजणी न झाल्याने नकाशात गट अखंडच, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. एलएडीएममध्ये जागा म्हणजे बंद आकृतीच हवी, अशी सक्ती नाही. शब्दांतलं वर्णन किंवा नुसता बिंदूही चालतो. मोजणी झाली की हद्द त्याच नोंदीला जोडायची.

मात्र हे तयार सॉफ्टवेअर नव्हे. आपल्या कायद्याप्रमाणे त्याचं प्रोफाइल, म्हणजे आपल्यापुरतं बेतलेलं रूप, बांधावं लागतं. कोलंबियाने एलएडीएम-कोल बांधलं, तेही माहितीचे साचे लिहिण्याच्या, स्वित्झर्लंडच्या इंटरलिस या संगणकी भाषेत, त्यामुळे मोजणीची फाइल साच्यात बसते का हे यंत्रच तपासतं. एवढ्यासाठी महसूल, मोजणी आणि नोंदणी खात्यांना एकत्र बसून प्रत्येक हक्काची व्याख्या ठरवावी लागते. खरा वेळ तिथेच जातो, आणि तो द्यायलाच हवा.

एसटीडीएम आहे तो ज्यांचं नाव कुठल्याच दप्तरात नाही त्यांच्यासाठी. युगांडात म्बाले इथल्या वस्त्यांमध्ये रहिवाशांच्या संघटनांना सोबत घेऊन तो वापरला गेला. व्यक्ती, जागा आणि दोघांमधलं नातं, मग ते भाडेकरूचं असो वा वर्षानुवर्षांच्या वहिवाटीचं, एवढंच तो नोंदवतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरवर चालतो, परवाना शुल्क नाही. खरेदीखतं, गहाणं, वारसनोंदी यांचा राज्यभराचा पसारा मात्र त्याच्यावर टाकू नये.

माझा कौल असा: गाभा एलएडीएमचा ठेवा आणि अनोंदणीकृत वस्त्यांची पाहणी एसटीडीएमने करा. दोन्ही एकाच कुळातले असल्याने त्या नोंदी पुढे गाभ्यात नेणं सोपं जातं. फक्त एखाद्या तालुक्याचं जुनं दप्तर संगणकावर चढवायचं असेल तर स्वतःचा साचा पुरे. तिथेही कुळ, बोजा आणि निर्बंध यांना वेगवेगळे रकाने द्या आणि प्रत्येक नोंदीला फेरफार क्रमांक जोडा.