दोन इनपुटांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुलीचा गाण्याचा रियाज घरीच ध्वनिमुद्रित करता यावा म्हणून घेतलेला हा इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारे उपकरण, आता आठ महिने वापरात आहे. आवाजाच्या दर्जाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तानपुऱ्याची जवारी त्यात स्वच्छ उतरते. जो मनस्ताप झाला, तो जवळजवळ सगळा विंडोजमधील ड्रायव्हरांच्या, म्हणजे उपकरणे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आपसातील भांडणामुळे झाला.

पहिला महिना सुरळीत गेला. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी काळी एकमध्ये गायलेली बंदिश पुन्हा ऐकताना पांढरी एकच्याही किंचित खाली वाजू लागली आणि लयही रेंगाळली. हार्मोनियम लावून पाहिली, तर फरक दीड पट्टीच्या आसपास निघाला. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधील प्रकल्प ४८,००० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) होता, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये याच उपकरणाचा दर ४४,१०० होता, आणि हा दर ठरवणारे यंत्रातील घड्याळ तर एकच असते. शेवटचा हुकूम ज्याचा, त्याचा दर चालला. दोन्हीकडे ४८,००० केल्यावर ही तक्रार कायमची मिटली.

खरखरीने मात्र फार छळले. दर वीस-तीस सेकंदांनी येणारी टिकटिक ऐकून मी आधी केबल बदलली, मग माइक बदलला, आणि घरातला पंखाही बंद करून पाहिला. शेवटी रीपरच्या ऑडिओ डिव्हाइसच्या यादीकडे नीट पाहिले, तेव्हा तिथे तीन एसिओ ड्रायव्हर दिसले : इंटरफेसच्या कंपनीचा, मदरबोर्डच्या ध्वनिचिपसोबत आलेला, आणि जुन्या काळी मीच बसवलेला एसिओफॉरऑल. स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली एसिओ ही पद्धत विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट उपकरणाशी बोलते; एसिओफॉरऑल मात्र विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. ज्या उपकरणाला स्वतःचा एसिओ ड्रायव्हर नाही, त्याच्यासाठी तो वरदान ठरतो; माझ्याकडे तो आता निरुपयोगी होता, आणि त्याच्या पॅनेलमध्ये हाच इंटरफेस निवडलेला राहिला होता. तो आणि मदरबोर्डचा एसिओ असे दोन्ही काढून टाकले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवायला लावली, तेव्हा याच इंटरफेसच्या चार फिकट नोंदी सापडल्या, कारण मी तो दर वेळी वेगळ्या यूएसबी पोर्टला जोडत होतो. त्याही पुसल्या.

टिकटिक निम्म्याने कमी झाली, पण संपली नाही. कोणता ड्रायव्हर अडथळा आणतो हे दाखवणारे लॅटन्सीमॉन वीस मिनिटे चालू ठेवल्यावर वाय-फायचा ड्रायव्हर प्रोसेसरला अधूनमधून अडवून धरतो आहे, हे दिसले. आता ध्वनिमुद्रण करताना वाय-फाय बंद ठेवतो आणि यूएसबीची वीज वाचवणारी सोयही बंद केली आहे. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, २५६ नमुन्यांवर आहे, म्हणजे ४८,००० हर्ट्झवर एका दिशेने सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा उशीर, यंत्रातील रूपांतराचा वेळ त्यात आणखी मिळतो. गाणाऱ्याला हे खटकत नाही, पण हेडफोनमधून स्वतःचा ठेका ऐकणाऱ्या तबलजीने लगेच मान हलवली, त्यामुळे तबल्याच्या वेळी माइकचा आवाज संगणकात न नेता थेट हेडफोनमध्ये देणारे डायरेक्ट मॉनिटरचे बटण दाबावे लागते.

ग्राहकसेवेचे उत्तर तीनदा एकच आले : ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करा. त्यांचाच अनइन्स्टॉलर जुनी आवृत्ती पूर्ण काढत नाही, याचा त्यांनी एकदाही उल्लेख केला नाही. तो कचरा मला हाताने साफ करावा लागला.

एक दुखणे अजून बाकी आहे. संगणक स्लीपमधून उठला की इंटरफेस यादीत दिसतो, पण आवाज देत नाही. म्हणून रियाजाच्या वेळेआधी मी संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करतो, आणि तेवढ्या वेळात मुलगी तानपुरा लावून घेते.