मशीनखालच्या चाकांच्या नावाखाली पत्रा विकणारा माणूस

जड मशीनला चाकांचा बेस करून देतो म्हणत एक माणूस सध्या वर्धा-अमरावती पट्ट्यातल्या खेड्यांत फिरतो आहे. सुतारकाम, वेल्डिंगचं दुकान, पिठाची गिरणी, जिथे मशीन मोठी आणि शेड लहान, तिथे तो बरोबर पोचतो. माझे १८,००० रुपये त्याच्याकडे गेले. त्याची लबाडी वरवर बघून ओळखू येत नाही, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

माझं आर्वी तालुक्यात सागवानी दारं-चौकटीचं काम आहे. लांब चौकट रंद्याच्या मशीनवर घ्यायची तर मशीन आडवी करावी लागते, आणि तीनशे किलोचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पहारीनं सरकवायचं म्हणजे शेजारपाजारच्या माणसांना हाका मारणं आलं. पोळा जवळ आला की तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात त्या चाकांच्या लाकडी नंदीबैलांचं काम वाढतं, मग शेडात पाय ठेवायला जागा उरत नाही. गरज खरी होती आणि ती त्याला दारातूनच दिसली असणार.

टेम्पोत त्यानं नमुन्याचा एक बेस आणला होता. जाड चॅनलची, म्हणजे पन्हळीच्या आकाराच्या लोखंडी पट्टीची चौकट, चार इंची चाकं, बिडाच्या गाभ्यावर पीयूचं, म्हणजे रबरासारख्या टणक प्लॅस्टिकचं आवरण. माझी ड्रिल मशीन वर चढवून एका हातानं फिरवून दाखवली. "भाऊ, एका चाकाची ताकद तीनशे किलो. चार चाकं म्हनजे बाराशे. बैलजोडी उभी करा, काई होत नाई." रंदा आणि बँडसॉ (पट्ट्याची करवत) यांच्यासाठी दोन बेस ठरले. अर्धे पैसे आगाऊ, अर्धे माल पोचल्यावर.

हा बाराशेचा हिशेब मुळातच खोटा आहे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, त्यामुळे वरचा कोबा सपाट राहत नाही. अशा जमिनीवर चारातलं एक चाक बहुतेक अधांतरीच असतं. म्हणून मशीन आणि बेस यांचं मिळून वजन तीनने भागायचं असतं. माझ्या रंद्याचे बेससकट ३३० किलो धरले तर एका चाकावर ११० येतात. हादऱ्यासाठी वर थोडं ठेवून दीडशे-दोनशेचं चाक पुरतं. म्हणजे चाकं खरोखर तीनशेची असती, तर त्याच्या खोट्या गणितानंही माझं काही बिघडलं नसतं. तीनशे फक्त स्टिकरवर होते.

माल आला तो पूर्ण प्लॅस्टिक फिल्ममध्ये गुंडाळून, चाकांना पुठ्ठा बांधून. "फिल्म मशीन चढवाच्या टायमालेच काढा, नाईतर रंग खरवडते," म्हणाला. छापील बिल दिलं, उरलेले पैसे घेतले आणि गेला. सगळी गोम या फिल्ममध्ये होती.

रंदा चढवला, ढकलला, आणि कोब्याच्या भेगेत पुढचं चाक अडकताच कडकन आवाज आला. मशीन त्या बाजूला कलंडली. हाताखालच्या पोराचा पाय तिथून नुकताच निघाला होता, नाहीतर हा मजकूर वेगळाच झाला असता. लाकूड सरळ धरणाऱ्या गाइडचा ब्रॅकेट मात्र तुटला. तोही बिडाचा. बीड वेल्डिंगच्या साध्या रॉडनं धरत नाही, निकेलचा रॉड लागतो, आधी तापवावं लागतं, तो खर्च निराळा.

तुटलेलं चाक हातात घेतलं. वर करडा रंग, खिळ्यानं ओरखडलं तर आत पांढरं प्लॅस्टिक. जुन्या स्पीकरचं चुंबक लावून पाहिलं, चाकाला चिकटलंच नाही. फिरत्या प्लेटमध्ये छर्ऱ्यांची एकच ओळ आणि ती दिसू नये इतकं ग्रीस भरलेलं. आमच्या नंदीची चाकं यापेक्षा मजबूत असतात. ब्रेक दाबला की चाक थांबायचं, पण चाक धरणारा वरचा फोर्क फिरतच राहायचा. चालू रंदा असल्या ब्रेकवर उभा राहणार नाही.

चौकटीची बनवाबनवी त्याहून पक्की होती. तुकड्यांच्या टोकांवर झाकणपट्ट्या वेल्ड करून, घासून, रंग दिलेला. दिसायला फार सुबक. पट्टी कापून काढली तेव्हा कळलं की चॅनल नव्हताच, दोन एमएमचा पत्रा चॅनलच्या आकारात वाकवलेला होता. लोखंडाच्या रोलिंग मिलमधून आलेल्या खऱ्या ७५ बाय ४० एमएमच्या चॅनलचं वजन मीटरला सात किलोच्या आसपास भरतं. माझ्या चौकटीला पावणेचार मीटरहून जास्त माल लागलेला, म्हणजे सव्वीस किलोच्या वर वजन हवं. भंगारवाल्याच्या काट्यावर चाकं काढून नऊ किलो भरली. बँडसॉचा बेसही तसाच निघाला. तो वर चढवला नाही हे बरं, वरून जड मशीन, कलंडली असती तर थांबलीच नसती.

बिलावरचा जीएसटी नंबर मोजला तर १४ अक्षरं. खरा नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या साइटवर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. फोन तेव्हापासून बंद.

तेव्हा कोणी असा बेस विकायला आला तर शेवटचा पैसा देण्याआधी फिल्म त्याच्यासमोर फाडा. चुंबक लावा, चौकट काट्यावर ठेवा, एखादं टोक उघडं ठेवायला सांगा. बंद टोकाचा माल घेऊच नका. चाक आणि फोर्क दोन्ही अडकणारा ब्रेक मागा. त्याहून चांगलं म्हणजे चारही कोपऱ्यांत जॅक बोल्ट, म्हणजे फिरवून मशीन उचलणारे बोल्ट, काम करताना मशीन बोल्टवर आणि चाकं उचललेली. आता गावातल्याच वेल्डरनं माझ्यासमोर चॅनल कापून मला तसा बेस करून दिला आहे.

पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिला आहे, यूपीआयची नोंद जोडून. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवली. धंद्याचा माल म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही असं दोघा-तिघांनी सांगितलं, ते तितकंसं खरं नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवायच्या कामाचा माल असेल तर २०१९ च्या कायद्यात आपण ग्राहकच ठरतो. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही. शेजारच्या गावातल्या गिरणीवाल्यालाही यानंच गाठलं होतं. त्याची चौकट अजून फिल्ममध्ये आहे, तशीच ठेव म्हणून सांगितलंय, दोघं मिळून अर्ज करतो आहोत.