क्लार्क्सडेल की इंडियनोला? ब्लूजचं एकच म्युझियम पाहायचं असेल तर

मिसिसिपी डेल्टा म्हणजे नदीचं मुख नव्हे. मेम्फिसपासून दक्षिणेला व्हिक्सबर्गपर्यंत, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधे पसरलेली ही गाळाची सपाट जमीन आहे. कापूस इथला आणि ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं दुःख-विरहाचं गाणं, तेही इथलंच. या पट्ट्यात ब्लूजची लहान-मोठी बरीच म्युझियमं आहेत आणि डॅलस, अटलांटा किंवा ह्यूस्टनहून लाँग वीकेंडला येणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: हाताशी दीड दिवस आहे, कुठलं गाठायचं?

खरी निवड दोघांतच आहे. क्लार्क्सडेलचं डेल्टा ब्लूज म्युझियम आणि इंडियनोलाचं बी. बी. किंग म्युझियम, ब्लूजचा गायक-गिटारवादक बी. बी. किंग याच्या नावाचं. दोन्ही गावांमध्ये साधारण 60 मैल, म्हणजे सव्वा तासाचा रस्ता. तरीही दोन्ही एकाच दिवशी उरकू नका. दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत दुपारचे तीन वाजतात, पाचला दार बंद होतं, आणि जे बघायला इतक्या लांब आलात त्याच्याजवळून नुसतं चालत जाणं होतं.

क्लार्क्सडेलचं म्युझियम 1979 साली गावच्या कार्नेगी लायब्ररीने सुरू केलं, तेही एका शाळेच्या खोलीत. आज ते रेल्वेच्या 1918 च्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे. विटांच्या भिंती, लांबलचक दालन, गिटारी, हार्मोनिका, स्टेजवरचे कपडे, पोस्टरं. लोक येतात ते मुख्यतः एका वस्तूसाठी: ब्लूजचा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स याचं लाकडी घर. गावाबाहेरच्या स्टोव्हॉल प्लांटेशनवर तो या घरात राहत होता. 1941 च्या ऑगस्टमध्ये लोकसंगीत जमवणारे अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन तिथे आले. स्वतःचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर ऐकलेला हा ट्रॅक्टर ड्रायव्हर 1943 मध्ये शिकागोला गेला, आणि पुढे ब्लूजला वीज लागली. मुंबईत 2011 पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत होत आलेल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये ज्यांनी शिकागोचा गिटारवादक बडी गाय ऐकला, त्यांच्यासाठी हा धागा सरळ आहे: शिकागोत नवख्या बडी गायच्या पाठीशी उभा राहिला तो हाच मडी.

ते घर आता स्टोव्हॉलला नाही, म्युझियमच्या आत आहे. बरेच जण जीपीएस लावून आधी शेतात जातात. तिथे फक्त मिसिसिपी ब्लूज ट्रेलची, म्हणजे ब्लूजच्या जुन्या जागा दाखवणाऱ्या मालिकेतली, पाटी आहे. पाटी बघायची तर जरूर बघा, पण म्युझियमनंतर. घराच्या एका फळीपासून झेडझेड टॉप या रॉक बँडच्या बिली गिबन्सने गिटार करवून घेतली आणि ती मिरवत म्युझियमसाठी पैसा उभा केला, म्हणून ते घर आणि ती गिटार यांची गोष्ट एकत्रच वाचावी.

क्लार्क्सडेलची उणीवही सांगायला हवी. इथे वस्तू भरपूर, समजावणं कमी. डेल्टाचे सुरुवातीचे ब्लूज गायक सन हाऊस आणि चार्ली पॅटन कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून मांडणी केल्यासारखी वाटते. ठाऊक नसेल तर पाऊण तासात सगळ्या गिटारी सारख्या दिसायला लागतात. उपाय सोपा आहे: मेम्फिसपासूनच्या दीड तासाच्या ड्राइव्हमध्ये मडीची 1941-42 ची स्टोव्हॉलची रेकॉर्डिंग्ज आणि त्याची शिकागोतली पन्नासच्या दशकातली गाणी एकापाठोपाठ ऐका. हात तोच, पण आधी लाकडी गिटार आणि मग विजेची. एवढा फरक कानात असला की ते घर नुसत्या फळ्या राहत नाही. तयारीने गेलात तर दीड ते दोन तास पुरतात.

इंडियनोलाचं म्युझियम उलट स्वभावाचं आहे. 2008 च्या सप्टेंबरमध्ये उघडलेलं, आखीव, आणि एकाच माणसाच्या आयुष्याला धरून चालणारं. आधी छोटी फिल्म, मग तीसच्या दशकातला डेल्टा, मग मेम्फिस आणि डब्ल्यूडीआयए रेडिओ, मग रस्त्यावरची वर्षं, लुसील नावाच्या गिटारी, लास व्हेगासच्या घरातला त्याचा स्टुडिओ. ज्याला ब्लूजचं ओ की ठो माहीत नाही, त्यालाही इथे वाट सापडते. सोबत दहा-बारा वर्षांची मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा असतील तर मी डोळे मिटून इंडियनोला सांगेन. अडीच ते तीन तास धरा.

म्युझियमचा एक भाग म्हणजे जुनी विटांची कॉटन जिन, ज्यात बी. बी. चाळीसच्या दशकात कामाला होता. अकोला, यवतमाळ, जळगावकडच्या वाचकाला जिन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही: सरकी वेगळी, रुई वेगळी, हवेत तंतू आणि घशात धूळ. वऱ्हाडच्या कापसाचं आणि या जमिनीचं नातंही जुनं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, इथला कापूस अडला तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपताच बाजार आपटला. पण हा कापूस इथे वेचला कोणी, आधी गुलाम म्हणून आणि नंतर कायम कर्जात बुडालेला वाटेकरी म्हणून, ते या जिनमध्ये उभं राहिल्यावर नीट कळतं. गावाचा इतिहासही सोपा नाही. वंशभेद टिकवण्यासाठी उभी राहिलेली पहिली व्हाइट सिटिझन्स कौन्सिल 1954 साली याच इंडियनोलात स्थापन झाली. त्याच गावाने पुढे बी. बी.ला डोक्यावर घेतलं. 2015 च्या मे महिन्यात तो गेला आणि त्याला म्युझियमच्याच आवारात पुरलं.

बाहेर पडल्यावर चर्च स्ट्रीट आणि सेकंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जा. शनिवारी तरुण बी. बी. तिथे गिटार घेऊन बसायचा. भजनाच्या वळणाचं गॉस्पेल गायलं की लोक शाबासकी देत, ब्लूज गायलं की नाणी. त्याने कुठली वाट धरली ते सांगायला नको.

मग क्लार्क्सडेल कशासाठी? रात्रीसाठी. म्युझियमला लागूनच ग्राउंड झीरो क्लब आहे, गावात ज्यूक जॉइंट, म्हणजे गाणं-नाचाचे छोटे साधे बार, आहेत, आणि कुठे कोण वाजवणार याची यादी कॅट हेड नावाच्या दुकानात मिळते. बुधवार ते शनिवार तिथे रात्री संगीत असतंच असं समजायला हरकत नाही. सोमवारी संध्याकाळी गाव झोपलेलं सापडू शकतं. ज्यूक जॉइंटला रोख पैसे न्या. इंडियनोलाला क्लब एबनी आहे, पण तिथे रोज काही असेल असं धरून जाऊ नका. ज्याला संगीत काचेमागे नको, समोर हवं, त्याने मुक्काम क्लार्क्सडेललाच करावा.

वारांचा हिशोब इथे सगळ्यात जास्त लोकांना फसवतो. डेल्टा ब्लूज म्युझियम रविवारी बंद असतं. बी. बी. किंग म्युझियम रविवारी दुपारपासून उघडं असतं, पण हिवाळ्यातल्या सोमवारी बंद सापडू शकतं. म्हणून शनिवार-रविवार येणाऱ्यांचा क्रम जवळपास ठरलेला आहे: शनिवारी दुपारी क्लार्क्सडेल, रात्री तिथेच गाणं, रविवारी सकाळी सावकाश निघून बारानंतर इंडियनोला. उलटा क्रम लावलात तर रविवारी क्लार्क्सडेलला बंद दाराचा फोटो मिळतो. ऋतूप्रमाणे वेळा बदलतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी दोन्हीकडच्या तपासा.

इंडियनोलाकडे जाताना थोडी वाट वाकडी करून डॉकरी फार्म्स पाहता येतं. क्लीव्हलंड आणि रूलव्हिल यांच्यामधलं 1895 चं प्लांटेशन, जिथे चार्ली पॅटन राहायचा आणि गिटार वाजवायचा. अर्धा तास पुरे. क्लीव्हलंडचं ग्रॅमी म्युझियम चकाचक आहे, पण ते ब्लूजचं नाही. वेळ कमी असेल तर बिनधास्त वगळा.

आणि इंडियनोलाहून पश्चिमेला 15 मैलांवर लीलंड. इथलं हायवे 61 ब्लूज म्युझियम एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत आहे, लहानसं. निधी कमी, माणसं स्थानिक. ब्लूज गायक जिमी रीड याच भागातला, गिटारवादक जॉनी विंटरचे वडील इथले महापौर होते, आणि जेम्स 'सन' थॉमस थडगी खणायचा, गिटार वाजवायचा आणि मातीच्या कवट्या करायचा. आधी फोन केल्याशिवाय जाऊ नये, कारण दार उघडं असेल याची खात्री नसते. उघडं मिळालं तर पाऊण तासात तिथे जे मिळतं ते मोठ्या दोघांत नाही: गावच्या माणसांनी आपल्या शेजाऱ्यांबद्दल सांगितलेलं. रस्त्यात हॉली रिज लागतं, पॅटनची कबर तिथे आहे, आणि मिसिसिपी ब्लूज ट्रेलची पहिली पाटी 2006 साली तिथेच लागली.

मेम्फिसमधून बाहेरच पडणार नसाल तर साऊथ मेन स्ट्रीटवरचं ब्लूज हॉल ऑफ फेम तासाभराचं आहे. समोरच लोरेन मोटेल, जिथे 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली. तिथलं नागरी हक्क म्युझियम मात्र अर्धा दिवस खातं.

मोटारीला पर्याय नाही. अ‍ॅमट्रॅकची रेल्वे ग्रीनवुडला थांबते, पण तिथून इंडियनोला 30 मैल, आणि पुढे बसच्या भरवशावर राहता येत नाही. जुलै-ऑगस्ट टाळा, उकाडा कोकणातल्या मे महिन्यासारखा चिकट असतो. ऑक्टोबरमध्ये शेतं पांढरी असतात. एप्रिलमध्ये क्लार्क्सडेलला ज्यूक जॉइंट फेस्टिव्हल भरतो. तेव्हा गाणं गल्लोगल्ली मिळतं, पण खोली महिनोन्‌महिने आधी धरावी लागते. शाकाहारी असाल तर जपून: टमालेत, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून शिजवलेल्या गुंडाळ्यांत, मांस असतंच, पण कॉलर्डची पालेभाजी आणि घेवड्याच्या बियाही बहुधा डुकराच्या हाडासोबत शिजवलेल्या असतात. 'मीट नको' एवढं सांगून भागत नाही, 'पोर्क घालून शिजवलंय का' असं विचारा. मेम्फिसहून निघताना दशम्या आणि चटणी बांधून घेतलेली बरी.