आठ यार्डांचे पैसे, सहा यार्डांचा स्किप

इंग्लंडमध्ये घराचं काम काढलेल्या किंवा काढणार असलेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय. आमचे पैसे गेले ते गेलेच, पण तुमचे तरी वाचावेत.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही स्लाऊच्या घरात स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली एक करायला घेतली. मधली विटांची भिंत पाडायची, जुनी कपाटं, फरशा, छताचे प्लास्टरबोर्ड काढायचे. आपल्याकडे राडारोडा न्यायला ट्रॅक्टर सांगतात, इथे स्किप मागवतात. स्किप म्हणजे वरून उघडा, तिरक्या बाजूंचा मोठा लोखंडी डबा. लॉरी तो साखळ्यांनी दारात उतरवते आणि भरला की उचलून नेते. माप घनयार्डांत सांगतात : ४, ६, ८ यार्ड. त्याहून मोठेही मिळतात, पण विटा-माती-काँक्रीटसाठी आठच्या वर सहसा देत नाहीत, कारण वजन लॉरीला पेलत नाही.

माझे बाबा तेव्हा साताऱ्याहून आले होते. उभा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला. त्यांनी आधीच हिशोब मांडला. भिंत ११ फूट लांब, ८ फूट उंच, गिलाव्यासकट ५ इंच जाड, म्हणजे साधारण ३७ घनफूट. पाडली की राडारोडा दीडपट फुगतो, म्हणजे ५५ धरा. कपाटं आणि बाकीचं धरून सगळं मिळून दोनशेच्या आसपास. एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट, आठ यार्डांचे २१६. "दोन ब्रासला वर थोडं," बाबा म्हणाले. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. "आठ यार्डांचा घे, बरोबर बसेल."

फोनवर मी स्पष्ट आठ यार्ड सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "बिल्डर्स स्किप देतो, तुमच्या कामाला तोच योग्य." २९० पौंड बँकेतून आधीच पाठवायचे होते, ते पाठवले. स्किप आमच्याच आवारात ठेवायचा असल्याने काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, परमिट लागणार नव्हतं. रस्त्यावर ठेवला तर लागतं.

शनिवारी सकाळी सातला लॉरी आली. बाबा फिरायला गेले होते. ड्रायव्हरने स्किप उतरवला, त्याच्या फोनवर माझी सही घेतली आणि पाच मिनिटांत निघून गेला. माप घ्यायचं मला सुचलंही नाही.

सोमवारी दुपारी स्किप भरला आणि भिंतीचा तिसरा हिस्सा अजून उभा. बाबा टेप घेऊन बाहेर गेले. वरची लांबी साडेनऊ फूट, तळाची साडेसहा, सरासरी आठ. रुंदी पाच, खोली चार. वहीत लिहून त्यांनी माझ्यासमोर धरलं : १६० घनफूट. भागिले २७, जेमतेम सहा यार्ड. "अगं, हा दीड ब्रासचा डबा आहे. तुला दोनचा म्हणून दिलाय." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण बोट त्या आकड्यावरून हलत नव्हतं.

मी फोन केला. उत्तर आलं : आम्ही बिल्डर्स स्किप सांगितला होता आणि तो सहाचाही असतो, आठचाही. सही तुमचीच आहे. इथेच फसवणुकीची सगळी मेख आहे. धंद्यात हा शब्द दोन्ही मापांना खरोखरच वापरतात. आकडा फक्त माझ्या तोंडी होता, कागदावर कुठेच नव्हता. बिलावर नुसतं 'लार्ज स्किप'.

गवंडी दारात उभे, त्यांचा रोज चालू. नाइलाजाने त्याच माणसाकडून चार यार्डांचा दुसरा स्किप १९० पौंडांना घेतला. ही माझी खरी चूक. उचलताना ड्रायव्हरने फोटो काढले आणि आणखी ७५ मागितले. एक कारण, माल काठाच्या वर गेलाय. शीग खरंच चालत नाही, रस्त्यावर सांडते. दुसरं कारण, प्लास्टरबोर्ड मिसळलाय. तोही नियम खरा आहे : प्लास्टरबोर्डातलं जिप्सम सडणाऱ्या कचऱ्यासोबत गाडलं की विषारी वायू सुटतो, म्हणून ते वेगळं द्यावं लागतं. पण मी पहिल्याच फोनवर प्लास्टरबोर्ड आहे म्हणून सांगितलं होतं, तेव्हा "चालेल" म्हणाले होते. एकूण ५५५ पौंड.

स्किप सांगताना 'बिल्डर्स', 'मिडी', 'लार्ज' असल्या नावांवर जाऊ नका. किती घनयार्ड आणि आतली लांबी-रुंदी-खोली किती, हे ईमेलवर मागा. साखळ्या सुटायच्या आधी टेप लावा आणि माप जुळल्याशिवाय सही करू नका. प्लास्टरबोर्ड, फ्रिज, गाद्या, रंगाचे डबे यांचं काय, हेही लेखी घ्या. पैसे क्रेडिट कार्डाने द्या. १०० पौंडांवरच्या खरेदीत १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. मी बँकेतून पाठवले, म्हणून तो दरवाजा मला बंद झाला.

आणि एक गोष्ट पैसे देण्याआधी बघा, मी नंतर बघितली. कचरा नेणाऱ्याची नोंदणी एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण खात्याच्या सार्वजनिक यादीत फुकट तपासता येते. त्यांच्या बिलावरचा नंबर मी टाकला, तर तो भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. आपला कचरा नोंदणी नसलेल्याच्या हाती दिला आणि तो कुठे शेताच्या कडेला टाकलेला सापडला, तर काउन्सिल घरमालकालाही ६०० पौंडांपर्यंत दंड करू शकतं. मी ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीची दखल घेणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार पोहोचवली आहे, बाबांच्या वहीतल्या पानाचा फोटोही जोडला आहे. दुसऱ्या स्किपमध्ये आम्ही माळ्यावरची जुनी खोकी टाकली होती. त्यांतल्या तीन-चारांवर आमचं नाव आणि पत्ता आहे. ती आता कुठे पडली आहेत, ते अजून कळलेलं नाही.