बैठक सभागृहात की पारावर?

विद्यापीठाचं पूर आणि दुष्काळ संशोधन केंद्र सांगली जिल्ह्यात करायचं ठरलं, तर लोकांचं म्हणणं ऐकायचं कुठं? शहरातल्या सभागृहात एकच मोठी बैठक, की गावोगाव फिरून?

सभागृह सोयीचं. एका दुपारी उरकतं, इतिवृत्त होतं, फोटो निघतात. पण माईक कुणाच्या हातात राहतो हे सांगायला नको. जतहून एसटीनं आलेल्याचं निम्मं लक्ष परतीच्या गाडीकडं.

गावफेरी वेळखाऊ. एका गावात दोनदा जावं लागतं. पहिल्यांदा फक्त चहा आणि भडंग होतं. पण खरी माहिती तिथंच. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, धोका पातळी 45 फूट, हे आकडे सगळ्यांकडं आहेत. पाणी आधी कुठल्या गटारातून वर आलं, म्हशी कुठल्या वाटेनं काढल्या, हे मात्र भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवत घरातल्या बायकाच सांगतात. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत, म्हणजे साठवणीच्या खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या पुरानं त्यातली बरीच पेवं गेली. ती माती ओळखणारा म्हातारा सभागृहात येईल? आणि जतला तर प्रश्नच उलटा: टँकर, कोरडी बोअर, म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी.

माझं मत गावफेरीला. बैठकही घ्यावी, पण फेरीनंतर आणि आराखडा पेन्सिलीत असतानाच. कोनशिला बसवल्यावर सूचना मागवण्यात काय हशील?