मंजुरीचं पत्र आलं आणि आमचे ६४,६०० रुपये गेले

६४,६०० रुपये गेले. नोंदणीचे २,१००, फाइलचे ८,५००, हॉस्पिटल पडताळणीचे १८,००० आणि टीडीएस, म्हणजे कापून घ्यायचा आयकर, म्हणून ३६,०००. शेवटच्या रकमेसाठी मी गळ्यातली चेन सराफाकडे गहाण टाकली. मुलीच्या उपचाराला ट्रस्टकडून मदत मिळवून देतो म्हणणाऱ्या त्या माणसाला हे माहीत होतं, कारण मीच त्याला फोनवर म्हटलं होतं की दुपारपर्यंत थांबा, चेन ठेवून येते. "ताई, देव तुम्हाला दुपटीनं देईल," असं म्हणाला तो.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघा-तिघांनी बजावलंय की हे चव्हाट्यावर आणू नका, आधीच लोक आपल्याबद्दल काय काय बोलतात. मी आणणार. ज्यांच्या घरी आजारी लेकरू आहे त्यांच्याकडेच हा माणूस आता जाणार, आणि त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

आमच्या लेकीला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. चढवलेल्या रक्तातलं लोह अंगात साचतं, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी पाण्यात गोळी विरघळवून द्यायची. मी आणि मिस्टर दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आम्हाला त्रास नाही पण आजार लेकराला जाऊ शकतो. लग्नाआधी रक्ताची एक साधी तपासणी केली असती तर कळलं असतं, पण आमच्या दोन्ही घरांत या आजाराचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. थोरल्या मुलाचं एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी बघतात ती पेशींची खूण, तिच्याशी जुळलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की बोन मॅरो प्रत्यारोपण झालं तर ही यातून सुटू शकते. सख्ख्या भावंडात जुळायची शक्यता चारात एक, आणि आमचं जुळलं होतं. खर्च सांगितला १२ लाख. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, मी बालवाडीत. कुठून आणायचे?

रविवारी उपासनेत तिच्यासाठी विशेष प्रार्थना झाली. कोणीतरी ती विनंती व्हॉट्सॲपवर टाकली, मग ती या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेली. त्यानंतर फोन आला. "सलाम ताई, जय ख्रिस्त. लेकरू कसं आहे?" आधी आजाराची चौकशी, मग फोनवरच प्रार्थना. प्रार्थनेत माझ्या मुलीचं नाव, तिच्या भावाचं नाव. मी रडले. मग म्हणाला, आमचा ट्रस्ट आहे, कॅनडातले देणगीदार आहेत, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात माझी ओळख आहे. वेल्लोरचं नाव काढलं की आपली माणसं पुढचं विचारत नाहीत. तिथून बरं होऊन आलेला कोणी ना कोणी प्रत्येक मंडळीत असतो. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढचं सांगत बसत नाही, असे प्रकार कसे चालतात हे सगळ्यांना माहीत आहे. लहान रक्कम, मग पत्र, मग मोठी रक्कम. पत्रावर क्रूसाचं चिन्ह, शिक्का, सहा लाख रुपये मंजूर.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्यानं मुलीचा फोटो मागितला. मी तिच्या वाढदिवसाचा पाठवला, पिवळा फ्रॉक घातलेला. उत्तर आलं, "हसरा नको ताई. रक्त चढवताना काढा. सुई दिसली पाहिजे, चेहरा कोमेजलेला पाहिजे, देणगीदार त्यावर ठरवतात." पुढच्या वेळी रक्त चढवायला गेलो तेव्हा मी काढला. ती म्हणाली, "मम्मी, आत्ता नको ना." तरी काढला. त्या माणसानं एचएलएचा रिपोर्ट मागितला नाही, हॉस्पिटलचं सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक मागितलं नाही, फेरिटिन, म्हणजे अंगात साचलेलं लोह, किती आहे हे एकदाही विचारलं नाही. खरी मदत करणारा आधी कागद मागतो. यानं सुई मागितली. तिथेच कळायला हवं होतं.

आणि १८,००० पाठवताना फोनच्या पडद्यावर नाव आलं कुठल्यातरी मोबाइल शॉपीचं. ट्रस्टचं नाव नाही. मिस्टर म्हणाले, हे काय? मी लगेच फोन केला. "ऑडिट चालू आहे म्हणून ट्रस्टचं खातं बंद आहे, हे आपल्या एका ब्रदरचं आहे." मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पिन टाकला. मला नावं ठेवणाऱ्यांनी एवढंच सांगावं: मुलीचं हिमोग्लोबिन सातवर आलेलं, हातात सहा लाखांचं मंजुरीपत्र, समोरचा आपल्याच प्रभूचं नाव घेऊन बोलतोय. तुम्ही थांबला असता? मी अडाणी नाही. बी.ए. झाले आहे. बँकेच्या नावानं ओटीपी मागणाऱ्यांना मी कितीदा झापलंय. पण आपल्याच भाषेत प्रार्थना करणारा माणूस चोर असेल, ही शिकवण मला कोणी दिलेली नव्हती.

टीडीएसचं तर ऐकाच. टीडीएस पैसे देणारा कापून घेतो, घेणाऱ्यानं आधी भरायचा नसतो. हे आमच्या मंडळीच्या खजिनदारांनी नंतर एका वाक्यात सांगितलं. त्यांनीच हेही सांगितलं की परदेशी देणगी घ्यायला ट्रस्टला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. कॅनडाचा पैसा मोबाइल शॉपीतून येत नसतो. खजिनदार आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. मदतीच्या नावानं कोणी पैसे मागितले तर आधी अशा माणसाला विचारा.

त्यानं वर आणखी ४५,००० "क्लिअरन्स"चे मागितले, मिस्टरांनी साफ नकार दिला आणि फोन बंद झाला.

आता पोलिसांचं. पहिल्या ठाण्यात सांगितलं, ऑनलाइन आहे, आमचं काम नाही, सायबरला जा. तिथे म्हणाले, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन का नाही केला? कारण मला तो नंबर माहीत नव्हता! पैसे गेल्या-गेल्या १९३० ला फोन केला तर ते पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात, हे ज्याचे गेले त्याला नंतर सांगून काय उपयोग? शाळांत, दवाखान्यांत, चर्चच्या फळ्यावर लिहा ना तो नंबर. मग पुन्हा पहिल्या ठाण्यात. तिथे एकानं आडनाव वाचलं, चर्चचं ऐकलं आणि विचारलं, "तुम्हा लोकांना तर बाहेरून पैसा येतो की ओ, तुम्ही कसे काय फसलात?" शेजारचा हसला. माझी मुलगी बाकावर बसून होती, हाताला पट्टी. आमच्या तीन पिढ्या याच सोलापुरात गेल्या. सासरे गिरणीत होते. कुठून आला बाहेरचा पैसा? अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असला तरी ठाण्यानं नोंदवून घ्यायचा असतो. हद्दीचं कारण सांगायचं नसतं. हे मी बोलले तर उत्तर आलं, "मग वकील व्हा." पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी उठले नाही, शेवटी शिक्का मारून दिली.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. एका खात्यात ४,३०० रुपये अडकलेले सापडले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. ज्या बाईला दर तीन आठवड्यांनी लेकरू घेऊन दिवसभर रक्तासाठी बसावं लागतं, तिनं ४,३०० साठी कोर्टात कधी जायचं?

सगळ्यात जास्त कशाचा राग येतो सांगू? खरी मदत फुकट होती. कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना २०१७ पासून आहे. भावंडाचं एचएलए जुळत असेल, मूल बारा वर्षांच्या आतलं असेल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर ठरलेल्या हॉस्पिटलांत प्रत्यारोपणाला १० लाखांपर्यंत मिळतात, पैसे थेट हॉस्पिटलला. हे मला रक्त चढवणाऱ्या सिस्टरनं सांगितलं, सगळं होऊन गेल्यावर. एवढी वर्षं त्याच वॉर्डात येतो, भिंतीवर एक कागद लावायला कोणाला वेळ नव्हता. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, कुठेच अर्जाला पैसे पडत नाहीत आणि कुठलाच निधी तुमच्या खात्यात पैसे टाकतो म्हणत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र योजनेतल्या हॉस्पिटलातच बसतो, त्याला गाठा. ट्रस्ट खरा की खोटा हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी क्रमांक देऊन विचारा. क्रमांक सांगायला जो टाळाटाळ करेल त्याचा फोन तिथेच ठेवा. पाळकांनाही माझी विनंती आहे, ग्रुपवर प्रार्थना-विनंती टाकताना आजारी लेकराच्या घरचा फोन नंबर टाकू नका. आमचा नंबर तिथूनच गेला.

आणि आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. पंढरपूरकडच्या एका भगिनीचा फोन आला. तिनं आमच्या मुलीसाठी ५०१ रुपये पाठवले होते, पोचले का विचारत होती. आम्ही कोणाकडे मागितलेच नव्हते. तिनं मला चित्र पाठवलं: माझी मुलगी, हातात सुई, खाली "अंतिम टप्प्यात, तातडीची मदत" आणि एक क्यूआर कोड. अंतिम टप्प्यात! माझी मुलगी शाळेत जाते. त्या फोटोवर किती मंडळ्यांतून किती गोळा केलं कोण जाणे. ते चित्र अजून फिरतंय. त्याचीही तक्रार दिली आहे, उत्तर नाही.

आमचा कुठलाही क्यूआर नाही, आम्ही कोणालाही पैसे गोळा करायला सांगितलेलं नाही. हिरव्या चादरीवर झोपलेली, डाव्या हाताला सुई, केसांना लाल रिबीन, असा फोटो तुमच्या ग्रुपवर आला तर पैसे पाठवू नका. ज्यानं टाकला त्याला कुठून आला विचारा, स्क्रीनशॉट ठेवा, आणि पैसे पाठवले असतील तर आत्ताच्या आत्ता १९३० लावा. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा, तो विचारतात.